आधी मीटर, मग नवी बॅटरी

वाचकांकडून वर्षभर एक तक्रार येत असते आणि थंडी सुरू झाली की तिचं प्रमाण वाढतं. सकाळी गाडी सेल्फ घेत नाही, म्हणून बॅटरी बदलली. तीन-चार महिने बरे गेले आणि नवी बॅटरीही उतरायला लागली. आता दुकानदार म्हणतो अल्टरनेटर दाखवा, गॅरेजवाला म्हणतो बॅटरीच खराब निघाली. आम्ही कोणाचं ऐकायचं?

मीटरचं ऐका. गाडी सुरू होत नाही तेव्हा संशयित चार असतात: बॅटरी, तिला चार्ज करणारा अल्टरनेटर, या दोघांना जोडणाऱ्या केबल आणि टर्मिनल, आणि गाडी बंद असताना गुपचूप करंट खाणारी एखादी वस्तू. सकाळी दिसणारं लक्षण चौघांचं सारखंच असतं. त्यात मेख अशी, की दोष चौघांपैकी कोणाचाही असो, नवी भरलेली बॅटरी बसवली की गाडी काही दिवस झकास सुरू होते. त्यामुळे निदान बरोबर होतं असंच वाटतं, पैसे दिले जातात, आणि खरा दोष नव्या बॅटरीला पोखरत राहतो.

हे टाळायला लागतं काय, तर एक साधा डिजिटल मल्टीमीटर. इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात पाचशे-सातशे रुपयांत चालण्यासारखा मिळतो. मीटरची खटकी डीसी व्होल्टच्या २० या आकड्यावर ठेवायची. लाल काडी पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. एवढं जमलं की पुढची बहुतेक तपासणी तुमची तुम्हाला करता येते. खालची माहिती पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. इलेक्ट्रिक गाडीबद्दल शेवटी लिहिलं आहे.

सुरुवात कानांनी करा

मीटर काढण्याआधी एकदा चावी फिरवा किंवा बटण दाबा आणि नीट ऐका. कोणाला तरी समोर उभं करून हेडलाइटकडे बघायला सांगा.

- भराभर टक-टक-टक असा आवाज, दिवे मिणमिणतात: बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे.
- इंजिन जड, रेंगाळत फिरतं: बॅटरी अशक्त, किंवा केबलचा जोड खराब. क्वचित स्टार्टर मोटरच जाम होत आलेली असते.
- एकच 'टक्', आणि दिवे जोरात जळतायत: बॅटरीत दम आहे. संशय स्टार्टर मोटर किंवा तिच्या सोलेनॉइडवर.
- काहीच आवाज नाही, दिवे मात्र झकास: क्लच पूर्ण दाबला आहे का, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पार्कमध्ये आहे का, चावी गाडीला ओळखू येते का, हे बघा. चावीतला छोटा सेल संपल्यावर बॅटरीवाल्याला घरी बोलावणारे काही कमी नाहीत.
- इंजिन नेहमीसारखं गरागरा फिरतं, पण पेट घेत नाही: बॅटरीचा विषय इथेच संपला. इंधन आणि स्पार्कची बाजू तपासायला हवी.

टर्मिनल: सगळ्यात स्वस्त दोष

बॉनेट उघडा आणि बॅटरीवरच्या दोन्ही क्लॅम्पना हाताने पिळून बघा. हाताच्या जोराने क्लॅम्प जराही फिरला, तर तो सैल आहे. कोकणातल्या आणि मुंबईच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. तीही करंटची वाट अडवते. दिव्यांना लागतो तेवढा थोडा करंट या पुडीतूनही जातो, म्हणून दिवे लागतात. सेल्फला मात्र शंभर-दोनशे अँपिअर एकदम लागतात, ते जात नाहीत. 'दिवे लागतात म्हणजे टर्मिनल ठीक आहे' हा समज म्हणूनच फसवतो.

इथे मीटरचा एक छान उपयोग आहे. एक काडी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, अगदी मधोमध टोचा. दुसरी त्याच खुंटीला कवटाळलेल्या क्लॅम्पवर. दोन्ही काड्या एकाच टर्मिनलवर. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. जोड चांगला असेल तर मीटर जवळपास शून्यावरच राहील. ०.२ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाखवलं, तर तेवढा जोर त्या दोन धातूंच्या मधल्या मळातच वाया जातोय. असंच बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्येही मोजून बघा. अर्थिंगची पट्टी गंजली असेल तर ती तिथे पकडली जाते. ही पट्टी गाडीखाली चिखल-पाण्यात असते आणि तिच्याकडे सहसा कोणी बघत नाही.

सफाईसाठी आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढा, मग पॉझिटिव्ह. बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. क्रम चुकला आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं तर मोठी ठिणगी उडते. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवा. खाण्याचा सोडा घातलेलं गरम पाणी जुन्या टूथब्रशने लावून पूड धुवा, कोरडं करा, पॉलिश पेपरने खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. सैल क्लॅम्पमध्ये खिळा किंवा पत्र्याची पट्टी ठोकून देणारे रस्त्यावर भेटतात. गाडी घरी नेण्यापुरतं ते ठीक. नंतर क्लॅम्प बदलून घ्या, तो फार महाग नसतो.

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं की घड्याळ, रेडिओ आणि काही गाड्यांत काचांची ऑटो-अप सोय पुन्हा सेट करावी लागते. त्याने घाबरून जाऊ नका. कशी करायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं.

तीन आकडे

निदानाचा गाभा हाच आहे. एक आकडा गाडी विश्रांतीत असताना घ्यायचा, दुसरा सेल्फ मारताना, तिसरा इंजिन चालू असताना. तिन्ही एका कागदावर लिहून ठेवा. दुकानात बोलताना तो कागद उपयोगी पडतो.

पहिला आकडा: विश्रांती. गाडी रात्रभर उभी असावी. संध्याकाळी येऊन लगेच मोजलं तर अल्टरनेटरने नुकताच चढवलेला वरवरचा चार्ज खोटा दिलासा देतो. थांबायला वेळच नसेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबून मोजा. नेहमीच्या शिसे-आम्लाच्या १२ व्होल्ट बॅटरीसाठी साधारण असं समजा:

- १२.६ किंवा जास्त: पूर्ण भरलेली
- १२.४: पाऊण
- १२.२: अर्धी
- १२.०: पाव
- ११.९ च्या खाली: रिकामी

बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट. चार्जरवर रात्रभर ठेवूनही बॅटरी साडेदहाच्या आसपासच अडकली, तर एक कप्पा मेला असण्याची दाट शक्यता. अशी बॅटरी बदलण्याला पर्याय नाही.

हा पहिला आकडा बॅटरी किती भरली आहे ते सांगतो, किती सशक्त आहे ते सांगत नाही. जुनी, आतून झिजलेली बॅटरीही शांत असताना १२.६ दाखवते. 'व्होल्टेज तर बरोबर आहे' म्हणून पुष्कळ जण इथेच थांबतात.

दुसरा आकडा: सेल्फ मारताना. काड्या धरून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज झर्रकन खाली जाईल. ते साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरी सेल्फच्या वेळी आठ-साडेआठवर कोसळत असेल, तर ती म्हातारी झाली आहे. हा निष्कर्ष बॅटरी भरलेली असतानाच काढायचा. अर्धी उतरलेली चांगली बॅटरीही इथे नापास होते.

दुकानातल्या लोड टेस्टरला आणि चिठ्ठी छापणाऱ्या इलेक्ट्रॉनिक टेस्टरलाही हाच नियम लागू. उतरलेल्या बॅटरीला टेस्टर लावून 'बदला' असा शेरा दाखवणं सोपं असतं. तुम्ही एवढंच म्हणा, "आधी पूर्ण चार्ज करा, मग माझ्यासमोर टेस्ट करा." या एका वाक्याने तीन-चार हजारांपासून पुढचा खर्च वाचू शकतो.

तिसरा आकडा: इंजिन चालू. गाडी सुरू करा, थोडी रेस द्या आणि बॅटरीवर मोजा. बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा हवा. आता हेडलाइट, एसीचा ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर एकदम लावा. आकडा थोडा खाली येईल, पण तेराच्या वर टिकायला हवा.

- इंजिन चालू असूनही १२.५ आणि तोही हळूहळू घसरतोय: अल्टरनेटर चार्ज करत नाही.
- १५ च्या वर: जास्त चार्ज करतोय. रेग्युलेटर, म्हणजे आपले वायरमन ज्याला कटआऊट म्हणतात, तो बिघडला आहे. बॅटरीतलं पाणी भराभर आटणं, बल्ब वारंवार उडणं, बॅटरीचा डबा फुगणं, सडक्या अंड्यासारखा वास, ही त्याची लक्षणं. वास येत असेल तर बॅटरीजवळ काडी पेटवू नका आणि अशी गाडी तशीच दामटू नका.
- आकडा १३.८ ते १४.५ च्या मध्ये, तरी सकाळी बॅटरी उतरलेली: अल्टरनेटरला तूर्त सोडा. 'गाडी उभी, तरी बॅटरी उतरते' या भागात सांगितलेली करंटची चोरी शोधा.

अलीकडच्या काही गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या हुकमाने चालतो. बॅटरी भरलेली असली की तो मुद्दाम हात आखडता घेतो आणि मीटरवर १२.८ सुद्धा दिसू शकतं. अशा गाडीत सगळे दिवे-ब्लोअर लावल्यावर आकडा वर चढतो का ते बघा. चढला तर तो ठणठणीत आहे.

अल्टरनेटरवर बोट ठेवण्याआधी

आधी पट्टा बघा. तो सैल, तडकलेला किंवा तेलकट असेल तर अल्टरनेटर नवा घालूनही चार्जिंग होणार नाही. सकाळी सुरू करताना किंवा पावसात 'चीं' असा आवाज येत असेल तर बहुधा पट्टाच घसरतोय. मग अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेचा नट आणि छोटा कनेक्टर. कनेक्टर पाण्याने हिरवा पडलेला असतो. दसऱ्याला गाडी लख्ख करताना बॉनेटच्या आत प्रेशरने पाणी मारण्याची जी हौस असते, तिचा प्रसाद बऱ्याचदा इथे मिळतो.

एवढं ठीक असेल तरच अल्टरनेटर उतरवा. पूर्ण नवा घ्यायची गरज दर वेळी नसते. आतले कार्बन ब्रश झिजले असतील, रेग्युलेटर गेला असेल, एखादा डायोड किंवा बेअरिंग गेलं असेल, तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन तेवढंच बदलून देतो. आर्मेचर किंवा वाइंडिंग जळलं असेल तर मात्र दुरुस्ती आणि नव्याची किंमत ताडून बघा. नेमका कोणता भाग गेला, हे विचारा आणि तो जुना भाग हातात मागून घ्या.

हे कोणालाही करू देऊ नका: इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढायची, गाडी चालू राहिली तर अल्टरनेटर चांगला, बंद पडली तर खराब. ही जुन्या काळची परीक्षा अजून रस्तोरस्ती चालते. बॅटरी जोडलेली असते तोवर ती अल्टरनेटरचे झटके पचवते. ती अचानक काढली की व्होल्टेज क्षणभर प्रचंड उसळतं आणि गाडीचा संगणक म्हणजे ईसीयू, म्युझिक सिस्टीम किंवा अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात. पाचशे रुपयांच्या मीटरचं काम करायला कोणी काही हजारांचा ईसीयू पणाला लावत असेल, तर नम्रपणे बॉनेट बंद करा.

धावत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर? चावी ऑन केल्यावर हा दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो, ही झाली नेहमीची तऱ्हा. (चावी ऑन केल्यावर तो लागतच नसेल तर तोही दोष आहे, तपासून घ्या.) चालत्या गाडीत तो लागला म्हणजे चार्जिंग थांबलं आणि गाडी आता एकट्या बॅटरीवर चालली आहे. लगेच तापमानाच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच पट्ट्यावर असतो; पट्टा तुटला असेल तर इंजिन तापेल. काटा चढत असेल किंवा स्टिअरिंग एकदम जड झालं असेल, तर सुरक्षित जागी गाडी थांबवा.

तापमान ठीक असेल तर एसी, म्युझिक, मोबाइल चार्जर बंद करा आणि इंजिन बंद न करता जवळचं गॅरेज गाठा. चहाला थांबून गाडी बंद केलीत तर पुन्हा सुरू होईलच असं नाही. दिवसा चांगली बॅटरी साधारण अर्धा-पाऊण तास गाडी ओढते. रात्री हेडलाइट आणि पावसात वायपर चालू असतील तर त्याहून बरंच कमी; घाट चढायला निघण्याआधी हे लक्षात घ्या.

गाडी उभी, तरी बॅटरी उतरते

तिन्ही आकडे चांगले, तरी दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ घेत नाही. वाचकांना सगळ्यात जास्त छळणारं दुखणं हेच, आणि याच्यात नाहक बदललेल्या बॅटऱ्याही सगळ्यात जास्त.

बंद गाडीही थोडा करंट घेते. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक, संगणकाची स्मृती जागी ठेवावी लागते. हा खर्च साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. आता हिशेब बघा: ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. छोट्या पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे काहीही बिघाड नसताना दोन आठवड्यांत ती अर्धी होते. तीन आठवडे गावी गणपतीला जाऊन आल्यावर गाडी सुरू झाली नाही, तर त्यात बॅटरीचा किंवा गाडीचा दोष असेलच असं नाही. उलट डिकीतला ५ वॅटचा दिवा चिकटून जळत राहिला, तर तो दिवसाला १० अँपिअर-तास खातो आणि दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो.

बॅटरी स्वतः गळते की गाडी तिला पिते, हे ओळखायला दोन रात्री पुरतात:

१. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा आणि दोन-तीन तास तशीच राहू द्या. व्होल्टेज लिहा.
२. पहिल्या रात्री निगेटिव्ह केबल काढून ठेवा. सकाळी मोजा.
३. पुन्हा भरा. दुसऱ्या रात्री केबल जोडून, गाडी लॉक करून ठेवा. सकाळी मोजा.

केबल काढलेली असतानाही आकडा १२.६ वरून १२.३-१२.२ वर आला, तर बॅटरी आतूनच गेली आहे. काढलेली असताना जेमतेम हलला आणि जोडल्यावर घसरला, तर चोर गाडीत आहे.

चोर शोधायला मीटरची लाल काडी १० अँपिअरच्या भोकात घाला, निगेटिव्ह केबल सुटी करा आणि मीटर खुंटी व केबल यांच्या मध्ये जोडा. गाडी लॉक करा, चावी लांब ठेवा. बॉनेटच्या कुलपाला स्क्रू-ड्रायव्हरने खटका देऊन ठेवलात तर गाडीला बॉनेट बंद आहे असं वाटतं. मग अर्धा-पाऊण तास थांबा. नवीन गाड्यांचे कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. लगेच दिसणारा एक-दीड अँपिअरचा आकडा बघून धावपळ करू नका. थांबल्यावरही ०.०५ च्या वर आकडा राहिला, तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येईल, त्या वाटेवर चोर. या काळात चावी ऑन करू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. मीटरचा फ्यूज उडेल. काम झाल्यावर लाल काडी आठवणीने व्होल्टच्या भोकात परत घाला. अँपिअरच्या भोकात काडी ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजायला गेलात तर थेट शॉर्ट होतो.

नेहमीचे चोर कोण? नंतर बसवलेला जीपीएस ट्रॅकर, पार्किंग मोडमधला डॅशकॅम, स्वस्त अँड्रॉइड स्टिरिओ, चुकीच्या तारेतून घेतलेला रिव्हर्स कॅमेरा, डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये कायम खोचून ठेवलेलं यंत्र. कंपनीच्या वस्तूंपैकी डिकीचा किंवा ग्लोव्हबॉक्सचा दिवा आणि चिकटलेला रिले. एकही फ्यूज काढून आकडा उतरला नाही, तर अल्टरनेटरचा डायोड तपासा. गाडी रात्रभर उभी असूनही सकाळी अल्टरनेटर हाताला कोमट लागला, तर डायोड गेलाच म्हणून समजा.

पाणी, हिरवा डोळा आणि ऊन

झाकणांची बॅटरी असेल तर डब्यावरच्या वरच्या-खालच्या रेघांमध्ये पाणी हवं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं, बाटलीबंद किंवा एसीतून ठिबकणारं पाणी चालत नाही, आणि घरी ॲसिड तर कधीच घालू नका. सीलबंद बॅटरीवरचा हिरवा डोळा सहापैकी एकाच कप्प्याची खबर देतो. उरलेले पाच कसे आहेत ते त्याला ठाऊक नसतं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाने बॅटरीचं आयुष्य कमी होतं. नुकसान मे महिन्यात होतं आणि ते कळतं डिसेंबरच्या सकाळी, इंजिन ऑइल घट्ट झाल्यावर. बॅटरीला तीन वर्षं झाली असतील तर पावसाळ्याआधी आणि थंडीआधी तिन्ही आकडे घेत जा. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी बंद व्हायची थांबली, तर तोही बॅटरी थकल्याचा इशारा असू शकतो.

बंद गाडी सुरू करताना

जंपर केबलचा क्रम असा ठेवा:

१. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला.
२. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि शेवटची जोडणी ठिणगी टाकते, म्हणून हे.
३. चांगली गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग बंद गाडीला सेल्फ मारा.
४. काढताना उलट्या क्रमाने.

हायवेवर ट्रकवाले मदतीला थांबतात, पण मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. त्यावरून कारला जंप देऊ नका. धक्का मारून सुरू करायची तर मॅन्युअल गिअरची गाडीच, चावी ऑन करून, दुसऱ्या गिअरमध्ये. ऑटोमॅटिक आणि एएमटीत हा नाद करू नका.

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असं नव्हे. पूर्ण उतरलेली बॅटरी भरणं हे अल्टरनेटरचं काम नाही. त्याने तो तापतो आणि बॅटरीही पुरती भरत नाही. तिला चार्जरवर मंद गतीने भरा. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याचा करंट हा जुना हिशेब अजून उत्तम आहे: ३५ ला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास, हवेशीर जागी.

बदलायचीच ठरली तर

- पुस्तिकेत दिलेला आकार आणि क्षमता घ्या. सिग्नलला बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. साधी स्वस्त पडते, पण लवकर जाते. क्रमांकाच्या शेवटचं एल किंवा आर हे अक्षर टर्मिनलची बाजू दाखवतं, ते जुळवा.
- उत्पादनाची तारीख विचारा. दुकानात सहा महिने पडून असलेली घेऊ नका. बसवण्याआधी मीटर लावा, १२.५ च्या खाली असेल तर चार्ज करून मागा.
- बसवल्यावर तिसरा आकडा तिथेच घ्या. चार्जिंग जास्त किंवा कमी असेल तर नवी बॅटरी बिघडेल, आणि गाडीतल्या दोषामुळे बिघडली म्हणून वॉरंटीचा दावाही फेटाळला जाईल.
- जुन्या बॅटरीची किंमत बिलात वजा झालेली दिसली पाहिजे. ती भंगारवाल्याला देऊ नका किंवा कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलन करणाऱ्याकडेच द्यायची असते.

वॉरंटी आणि तुमचा हक्क

'चार वर्षं वॉरंटी' याचा अर्थ नीट विचारून घ्या. बहुधा पहिला काही काळ फुकट बदलून मिळते आणि उरलेल्या काळात फक्त किमतीत सूट, तीही त्या वेळच्या छापील किमतीवर. म्हणजे बाजारात मिळणारी सवलत धरली तर ही सूट कधी कधी नावापुरतीच उरते. बदलून मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजतात. टॅक्सीसाठी मुदत कमी असते. बिलावर आणि कार्डावर बॅटरीचा सिरीयल नंबर, गाडीचा नंबर, तारीख, शिक्का हे सगळं बघून घ्या. नव्या कारसोबत आलेल्या बॅटरीची वॉरंटी बऱ्याचदा बॅटरी कंपनी देते. शोरूमने हात वर केले तर तिकडे दावा करता येतो.

दावा करताना बॅटरी चार्ज करून तपासायला दुकानदार एक-दोन दिवस मागेल. ते रास्त आहे. तुम्ही मागायचं ते हे: बॅटरी जमा केल्याची पावती, तपासणीचे आकडे लेखी, आणि दावा नाकारला तर कारण लेखी. तोंडी 'तुमच्या गाडीतच प्रॉब्लेम आहे' हे उत्तर स्वीकारू नका. तुमच्याकडे तीन आकड्यांचा कागद असेल तर ते देणंही कठीण जातं.

तरीही दाद मिळाली नाही तर आधी कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक. शेवटी, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते, वकील सक्तीचा नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोष उघड झाल्यापासून दोन वर्षं.

लांब उभी राहणारी गाडी, आणि इलेक्ट्रिक गाडी

परदेशी मुलांकडे तीन महिने जाणार असाल तर निगेटिव्ह केबल काढून जा. मात्र डिकी किंवा दार वीज नसताना चावीने उघडतं का, ते आधी करून बघा. शेजाऱ्यांना आठवड्यातून एकदा गाडी 'पाच मिनिटं चालू करून ठेवा' असं सांगून जाण्यात फार अर्थ नाही. सेल्फला गेलेला करंट जेमतेम भरून निघतो. सांगायचंच तर अर्धा तास फिरवून आणायला सांगा.

इलेक्ट्रिक गाडीतही मोठ्या बॅटरीखेरीज १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती उतरली की मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी जागी होत नाही. तिथे अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज करणारा कन्व्हर्टर असतो. छोट्या बॅटरीचा विश्रांतीचा आकडा वर सांगितल्यासारखाच घ्या, पण नारिंगी रंगाच्या कोणत्याही केबलला हात लावू नका आणि पुढचं काम अधिकृत सर्व्हिस सेंटरकडूनच करून घ्या.